नेढं

तीस वर्षं मी तो दरवाजा दाखवला.
यरुशलेमच्या जुन्या शहरात, मसाल्यांच्या बाजारामागे,
भिंतीतला एक बुटका दरवाजा,
आत कुण्या तेलवाल्याचे रिकामे डबे.
म्हणायचो, हेच ते सुईचं नेढं.
रात्री मोठी वेस बंद झाली की
उशिरा पोचलेल्या उंटाला इथे आणत,
पाठीवरचं ओझं उतरवत, गुडघ्यांवर बसवत,
आणि तो कुरकुरत, पोट खरवडत
जायचा. पण जायचा.

तेवढ्यावर चेहरे सैल व्हायचे.
ह्यूस्टनचे, सोलचे, म्युनिकचे,
चांगल्या बुटांतले लोक.
कुणीतरी वाकून पलीकडे जाऊन दाखवायचं,
फोटो निघायचा,
आणि माझ्या तळव्यात चार घड्यांची नोट.

माझ्याआधी हा दरवाजा हन्नामामा दाखवायचा.
त्याला कुणी दाखवला, हे मी विचारलं नाही.

वडील शिंपी. आमच्या सुर्यानी गल्लीत तेव्हा
घराआड एक शिंपी होताच.
पाद्र्यांचे काळे झगे शिवता शिवता
माझी गोष्ट ऐकायचे,
आणि ओठांतल्या टाचण्या न काढता म्हणायचे,
"बरसूम, सुई म्हणजे सुई."
मला वाटायचं, शिंप्याला दुसरं काय दिसणार.

यंदा नहरीन घरी आली,
परदेशात आपल्याच जुन्या पोथ्या वाचायला शिकून.
जेवताना ऑलिव्हची बी ताटाच्या काठावर ठेवत म्हणाली,
"बाबा, तशी वेस नव्हतीच.
ही गोष्ट कित्येक शतकांनंतर कुणी रचली."

मग उंट?
"उंटच. त्यांच्या रस्त्यावरचं सगळ्यात थोराड जनावर.
कुणी एक अक्षर बदलून त्याचा दोर केला,
जहाजाचा, मनगटाएवढा.
पण दोर तरी कुठे जातो?"

मी भाकरी मोडत राहिलो.
"पुढची ओळ वाचता का कधी तुम्ही, लोकांपुढे?
ऐकणारे हादरले. म्हणाले, मग तरेल तरी कोण?
नुसतं ओझं उतरवायचं असतं
तर एवढे का घाबरले असते?"

पुढची ओळ.
पुढच्या ओळीपर्यंत कधी पोचलोच नाही.
साडेबाराला जेवण असायचं, एकला बस.
मागची ओळही नाही,
तो तरुण, पुष्कळ मालमत्ता असलेला,
मान खाली घालून निघून गेलेला.
तो गेल्यावर मागे राहिलेल्या शांततेत
ते वाक्य बोललं गेलं होतं.
मी ते तिथून उचललं
आणि तेलाच्या डब्यांशेजारी आणून ठेवलं.

सकाळी गट होता, चौदाजणांचा.
दरवाजापाशी सवयीने पाय थांबले.
सोनेरी घड्याळवाला आधीच वाकायला लागला होता.
मी कोटाच्या कॉलरमधून वडिलांची सुई काढली,
उन्हात धरली.
म्हणालो, "हे नेढं. उंट तुम्ही पाहिलाच आहे, वेशीबाहेर."
कुणी हसलं. कुणी विचारलं, "मग दरवाजा?"
"दरवाजा तेलवाल्याचा."
घड्याळवाला हळूहळू सरळ झाला.
एका म्हातारीने मात्र सुई मागून घेतली,
एक डोळा मिटून
बराच वेळ आरपार बघत राहिली.
तिला काय दिसलं, तिने सांगितलं नाही.

नोट मिळाली नाही.
हन्नामामा असता तर म्हणाला असता, अक्कल विकून भूक घेतलीस.

रात्री कोटाचं बटण लावायला बसलो.
तीच सुई, दिव्याखाली.
दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पीळ दिला,
पुन्हा ओलं केलं.
नहरीन समोर पोथीत डोकं घालून.
उंटाचं राहू द्या.
दोराचंही.
माझा साधा काळा दोरा
तिसऱ्यांदा चुकून
बाजूने निघून गेला.